रोखलेले बालविवाह : १

रविवार, मे. रात्रीचे पावणेबारा

आज तीनशे माणसांच्या लग्नाला गेले आणि उपाशी परत आले. आमचा ड्रायव्हर मात्र जेवून आला. पोलीस ठाण्यातले दोघेही जेवले. लग्न मोडलं म्हणून बुंदी काही कडू झाली नव्हती.

सव्वाअकराला १०९८ ह्या मुलांच्या मदत क्रमांकावरून बालविवाहाचा निरोप फिरत फिरत बाल संरक्षण कक्षात माझ्यापर्यंत आला. गाव ऑफिसपासून ४६ किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ घाटाचे. मुहूर्त बारा पस्तीसचा. आम्ही निघून पोचेपर्यंत अक्षता पडून पहिली पंगत उठली असती. अशा वेळी गावातल्या माणसावरच भिस्त. कायद्याने ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यांच्याकडे तीन गावांचा चार्ज, आणि आज ते स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नात. (हे लग्न कायदेशीर होतं, मी विचारून घेतलं.) अंगणवाडीताईंना फोन लावला तर त्या कुजबुजत म्हणाल्या, "मॅडम, मी सुपारीच्या दिवशीच सांगून आले होते. आता माझं नाव कुठं घेऊ नका, मला ह्याच गावात राहायचंय." नाव घेणार नव्हतेच. शेवटी ठाण्याची गाडी बाराच्या सुमारास शिरली म्हणून निभावलं. आम्ही पोचलो तेव्हा भटजी गायब होते आणि जनरेटरवाला केबल गुंडाळत होता. लग्न थांबलं की मंडपातून सगळ्यात आधी तो निघतो. आचारी सगळ्यात शेवटी, कारण त्याचा भात चुलीवर असतो.

मुलीचं नाव इथेही लिहीत नाही. मुलांची ओळख उघड करू नका म्हणणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ रोजनिशीला लागू होतं की नाही कुणास ठाऊक, पण आता हाताला सवय झाली आहे.

वडिलांनी आधार कार्ड पुढे केलं. त्यावर मुलगी एकोणीस वर्षांची. मी म्हटलं, वयाला आधार चालत नाही. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्माचा दाखला, दोन्ही नसले तर दवाखान्यात तपासणी. "शाळेला सुट्टी आहे," मामा म्हणाला, अगदी जिंकल्यासारखा. मुख्याध्यापकांना फोन केला. गुरुजी तालुक्याला राहतात. भले माणूस, मोटरसायकल काढून शाळेत गेले, कपाट उघडून जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. पंधरा वर्षं चार महिने. त्याच पानावर वरच्या दोन पोरांच्या जन्मतारखाही खऱ्या वाटण्याजोग्या होत्या, एक मार्चची, एक सप्टेंबरची. बरं वाटलं. कारण आईबापाची आधार कार्डं बघितली तर दोघांचाही जन्म १ जूनचा. आमच्या ड्रायव्हरचाही १ जूनचा. माझ्या वडिलांचाही होता. नाव घालताना गुरुजींनी बोटाने पोराची उंची मोजली आणि १ जून टाकली, असं अर्ध्या मराठवाड्याचं आहे. निदान ह्या पिढीला खरी तारीख मिळाली, आणि आज तिचा उपयोगही झाला.

मग नेहमीचं. मुलीला १८, मुलाला २१. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, आणि लग्नात हजर राहणाराही गुन्हेगार, हे मी माईकवरून सांगितलं. वाटलं होतं, माणसं पांगतील. चारदोन फेटे मागच्या बाजूने निघाले, बाकीची पंगत बसून राहिली. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "लगीन न्हाई तर न्हाई, पर आमी जेवायला आलोय." ह्यावर कोणतं कलम लावायचं?

जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही.

मुलीच्या आईशी बोलायला आत गेले. मातीची खोली, कणगीवर नव्या साड्यांची बोचकी. कोपऱ्यात धाकटी, दहाअकरा वर्षांची, कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन उभी. ती हलली नाही, बोलली नाही, भावाच्या हातातला लाडू खाली पडत होता तो सारखा वर ढकलत होती. आई माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल. मला वाटलं होतं, शिव्या देईल. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली,

"ताई, औंदा सासू गेली. दिवाळी झाली की आमी दोघं ऊसाला जानार. पोरगी आता मोठी झाली. गावात एकली कुनाच्या जिवावर ठिवू? आन् फडावर नेली तर कोपीला दार बी नसतंय. तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं करते. नायतर तुमीच न्या तिला. सांभाळा सा महिने, आन् होळीला आनून द्या."

कोपी म्हणजे ऊसाच्या फडावरची मजुरांची झोपडी. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. मी म्हटलं, "बघते."

दिवसातून चाळीस वेळा तरी मी हा शब्द बोलते.

मुलीला गाडीत घेतलं. मुंडावळ्या तिने स्वतःच काढून मुठीत धरल्या होत्या. रविवारी बालकल्याण समिती बसत नाही, पण अशा वेळी एका सदस्यासमोर मुलाला हजर करता येतं. तसं केलं आणि रात्रीपुरतं बालगृहात सोडलं. चोवीस तासांची मुदत असते, आपण आठ तासांत उरकलं. घाट उतरताना ती पहिल्यांदा बोलली. मला वाटलं, शाळेचं काही विचारेल. तिने विचारलं, "मॅडम, त्येंनी मुकादमाकडून पुऱ्या कोयत्याची उचल घेतलीय. आता माझ्या जागी कोण?"

उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे. कोयता म्हणजे जोडी. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. अर्ध्याला उचलही अर्धी, आणि मुकादम त्याला शक्यतो घेतच नाही. म्हणजे पलीकडच्या घराला सून हवी होती ती अशी हवी होती. आमच्या जागृती मेळाव्यात पडद्यावर जी चित्रं दाखवतो, त्यात पुस्तक हातात घेतलेली मुलगी असते आणि दाराशी रागीट बाप. ह्या पोरीला हिशोब येत होता. चित्र काढणाऱ्याला तो येत नाही.

सोमवार

समितीसमोर सुनावणी. अध्यक्ष आणि दोन सदस्य हजर होते, म्हणजे कोरम झाला. आईवडील सकाळच्या एसटीने आले, बरोबर मामा. हमीपत्र लिहून घेतलं : अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, शाळेत पाठवू, बोलावलं की हजर राहू. वडिलांनी सही केली, आईने अंगठा. मुलगी पालकांच्या ताब्यात, दरमहा पाठपुरावा आमच्याकडे.

सामाजिक तपास अहवाल मी रात्रीच लिहायला घेतला होता. त्यातली एक ओळ : "गेल्या दोन हंगामांत बालिका दिवाळी ते होळी शाळेत अनुपस्थित. फडावर कोपीत लहान भावंडांचा सांभाळ." शाळेच्या हजेरीतून काढलेली ओळ. तिच्याशी ताडून घेतली तर ती म्हणाली, "आन् सैपाक. सैपाक बी लिवा."

दुपारी मासिक अहवाल भरला. रकाना : रोखलेले बालविवाह. आकडा : १. पुढच्या रकान्यात गुन्हा दाखल, होय किंवा नाही. त्यापुढे तक्ता संपतो. रोखल्यानंतर सहा महिन्यांनी मुलगी कुठे आहे, ह्याला रकाना नाही. मी दोनदा सुचवलं. उत्तर आलं, फॉरमॅट वरून आलेला आहे.

आमच्या पट्ट्यातले आकडे सगळ्यांना पाठ आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, विशीतल्या म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी राज्यात सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. बैठकीत हे आकडे निघाले की सगळे एकदम गंभीर होतात. बैठक संपली की चहा येतो.

माझं मत मी इथेच लिहू शकते. मंडपात जाऊन लग्न थांबवणं ह्या कामातला सोपा भाग आहे. तिथे कायदा आपल्या बाजूने, पोलीस आपल्या बाजूने, आणि दुसऱ्या दिवशी पेपरला बातमी. त्या आईच्या प्रश्नाला कलम नाही. लग्न थांबलं, पण ज्यामुळे ते ठरलं होतं ते सगळं दिवाळीला पुन्हा दारात उभं राहणार. तोवर मुलीला जागा मिळाली नाही, तर मी लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं. पुढच्या वेळी मंडपही नसतो. पहाटे देवळात चार माणसांत उरकतात आणि आपल्याला कळतं ते सरकारी दवाखान्यात सोळा वर्षांची पोर पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आली की. मग पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो, डॉक्टरांना कळवावंच लागतं, नवरा आत जातो. दोन वर्षांपूर्वीची एक अजून आठवते. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती : त्याला कधी सोडणार ते सांगा. तिला हे माहीतच नव्हतं की असं लग्न अठरा झाल्यावर दोन वर्षांच्या आत ती स्वतः कोर्टातून रद्द करून घेऊ शकते. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, कधी सोडणार.

जून, शेवटचा आठवडा

लिहायला सवड नाही. बालसंगोपन योजनेच्या गृहभेटी. एकल आयांच्या, आजीआजोबांकडे राहणाऱ्या पोरांच्या. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, पण अर्ध्यांची बँक खाती केवायसीत अडकलेली. माझा अर्धा दिवस समाजकार्य आणि अर्धा दिवस बँकेत. कंत्राटी लोकांचं मानधन ह्याही महिन्यात लांबलं. असो.

तिच्यासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलींचं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे तालुक्याला, तिथला अर्ज घेतला. त्याला आईबापाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतं. ते देणार ग्रामसेवक. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला त्यांनी स्वतःच फोन केला, "मॅडम, या, तयार आहे." त्या दिवशी वाटलं, पेढे न्यावेत.

नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. घाटात दिवसा शाळा सुटल्यासारख्या गाड्या लागल्यात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात ज्वारीची पोती, चुलीची पत्री, कोंबड्या, शेळ्या आणि सगळ्यांच्या वर माणसं. कोणी सांगलीकडे, कोणी सीमेपलीकडे बेळगावात.

आज वसतिगृहात पाठपुराव्याला गेले. ती आहे. दहावीत आहे. वजन वाढलंय थोडं, बीजगणितात नापास आहे, इतिहासात पहिली. गृहपाल म्हणाल्या, मुलगी गुणी, फक्त जेवताना भाकरी खिशात ठेवते. मी तिला विचारलं नाही. सहावा पाठपुरावा, कागदावर "समाधानकारक" लिहिलं. मनातून खूष होते. आईला फोन करून सांगावं म्हटलं, "बघा, म्हटलं होतं ना, बघते म्हणून."

सही करून उठले तर ती फाटकापर्यंत आली.

"मॅडम, परवा रात्री गेली सगळी."

"माहीत आहे. तुझी आई बोलली होती."

"बारकी बी गेली."

मला क्षणभर कळलं नाही. मग ती कोपऱ्यातली आठवली, लाडू वर ढकलणारी. पाचवीत आहे. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, मागे राहिलेल्या पोरांना दोन वेळचं जेवण मिळतं. पण रात्री झोपायला घरात कुणी मोठं माणूस लागतं, आणि आजी गेली. आईबाप पहाटे चारला फडात उतरणार, तेव्हा कोपीत दोन वर्षांच्या पोराला कुणीतरी बघायला हवं. आत्तापर्यंत ते काम हिचं होतं. हिला मी वसतिगृहात आणलं.

"सैपाक तिला येत न्हाई अजून," ती म्हणाली. "पत्र्याची चूल लई तापती."

कोणता कारखाना, विचारलं. तिला माहीत नव्हतं. कर्नाटकात, एवढंच. पण तिने दप्तरातून बीजगणिताची वही काढली. शेवटच्या पानावर मुकादमाचा नंबर होता, घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला तिने उतरवून आणला होता. कारखान्याचं नाव कळलं तर तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र देता येईल, तिथली शाळा बघता येईल. मी नंबर घेतला आणि सवयीने तोंडातून निघालं, "बघते."

ती म्हणाली, "दिवसा उचलत न्हाई त्यो. नवाच्या म्होरं लावा, फडातनं आल्यावर."

घरी येऊन भाकरी टाकली, हे लिहिलं. आठ पन्नास झालेत.