पीस स्टेशनला सुरू झालेला आजार आणि नाकारलेली डिसॅबिलिटी पेन्शन

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, माझ्या उच्च रक्तदाबाचं अपंगत्व ३० टक्के धरलं, तेही आयुष्यभरासाठी. पण शेरा असा की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. पुढे डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठीच्या पेन्शनचा, क्लेम फेटाळल्याचं पत्र आलं. बरेच जवान इथेच गप्प बसतात, कारण पत्राचा सूरच असा असतो की आता विषय संपला. खरं तर पहिल्या अपिलाला सहा महिने मिळतात.

मी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून बोर्डाचे सगळे कागद आणि भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद मागवली. बोर्डाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: 'आजाराची सुरुवात पीस स्टेशनला', म्हणजे सीमेवरच्या, फील्डमधल्या नेमणुकीत नाही. भरतीच्या कागदावर बीपी नॉर्मल, आजार काही नाही. हे दोन कागद शेजारी ठेवले आणि अपिलाचा मुद्दा तिथेच सापडला. पीस स्टेशनला आल्यावर फील्डमधली वर्षं अंगातून निघून जातात का? आणि तिथेही रात्रीची गार्ड, सराव, घरापासून लांब राहणं चालूच असतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंह प्रकरणात हेच सांगितलं आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर उद्भवला, तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नसेल तर बोर्डाने कारणं द्यायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. धर्मवीर सिंह स्वतः लष्कराच्या सिग्नल कोअरचे, आजार अपस्माराचा.

पहिलं अपील फेटाळलं गेलं, दुसरंही. दोन्ही उत्तरांत बोर्डाचंच वाक्य फिरवून लिहिलेलं. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तरी तिथे जाता येतं, हे अनेकांना कोणी सांगतच नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या राम अवतार निकालामुळे माझं ३० टक्के अपंगत्व वाढवून ५० टक्के धरलं गेलं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, त्या हिशेबाने मला १५ टक्के. ही रक्कम सर्व्हिस पेन्शनच्या वर, वेगळी. अर्जाला फार उशीर झालेला असेल तर थकबाकी साधारणपणे आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून पत्र हातात पडताच हालचाल करा.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यामुळे माझ्या अर्जाची नक्कल करू नका. आधी स्वतःच्या बोर्डाचे कागद मागवा. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा या कामातल्या वकिलाकडे जा, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पहिल्यांदा दाखवा.