नखाला लागणारे रिव्हेट

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. नाशिक

आज चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ लढाऊ विमान निवृत्त झालं. १९६३ मध्ये २८व्या स्क्वाड्रनसाठी जिथे पहिल्यांदा आलं, तिथेच निरोप. सकाळी बाबांशेजारी बसून सगळं टीव्हीवर पाहिलं. निवेदक ‘उडती शवपेटी’ म्हणाला तसा बाबांनी आवाज बंद केला. अपघातांत गेलेल्या वैमानिकांचं दुःख त्यांनाही आहे, पण १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणारी विमानं हीच होती. तेही आज सांगायला हवं होतं.

बाबा ओझर मिगला, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात, रिव्हेटिंगला होते; पत्रे जोडणारे धातूचे खिळे, म्हणजे रिव्हेट, बसवायचं काम. सहाशेहून जास्त मिग-२१ तिथे तयार झाली. बाबांचे हात किती विमानांना लागले, हे त्यांनी कधी मोजलं नाही.

दुपारी माझं मिग-२१चं अर्धवट प्लास्टिक मॉडेल घेऊन बसलो. किट जुनं, वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होतं. प्रमाण १/७२, म्हणजे पंखांचा पसारा जेमतेम दहा सेंटिमीटर, लांबी वीतभर. नाकातल्या शंकूत वजनासाठी मासे पकडायच्या गळाचं शिसं डकवून विमानाचं धड बंद केलं होतं, नाहीतर पुढचं चाक उचलून मॉडेल शेपटीवर बसतं. पंख कालच चिकटवले. आता रंग द्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

बाबांनी ते हातात घेतलं. चष्मा काढला, मॉडेल डोळ्यांजवळ नेलं आणि डाव्या पंखावरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं. करकर आवाज आला. किटवर रिव्हेटचे बारीक उंचवटे होते, ओळीनं.

“हे नखाला लागतंय रे.”

मग बराच वेळ बोलत राहिले. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान, त्याच्या पत्र्यावर काही वर आलेलं चालत नाही. भोकाचं तोंड आधी तिरकं कापायचं, रिव्हेटचं डोकं त्यात सपाट बसवायचं. मग नख फिरवून बघायचं. “लागलं की काढ, परत बसव.”

मी रंगाची बाटली बंद केली. आठशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून डावा पंख घासायला घेतला, नंतर बाराशेचा. करड्या प्लास्टिकचा गाळ बोटांवर. पत्र्यांच्या जोडांच्या रेषा पुसट झाल्या, त्या सुईनं पुन्हा कोरल्या. दीड तास गेला.

बाबांनी पुन्हा नख फिरवलं. आवाज नाही.

“हं. आता उजवा.”

उजवा उद्या.