जर्मनीत पब्लिक इन्शुरन्सवर थेरपिस्ट शोधताना

जर्मनीत 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून शोध घ्यायला गेलं की पहिली गल्लत तिथेच होते. नुसत्या सायकॉलॉजीच्या पदवीवर कुणालाही क्रांकेनकासेकडे, म्हणजे पब्लिक आरोग्य विमा कंपनीकडे (थोडक्यात 'कासे'), बिल लावता येत नाही. त्याला आप्रोबात्सिओन, म्हणजे उपचारांचा सरकारी परवाना लागतो आणि शिवाय कासेनझिट्झ, म्हणजे कासेच्या पेशंटांसाठी त्या भागात मंजूर झालेली जागा. या जागा मोजक्या आहेत आणि खरी टंचाई त्यांचीच आहे. म्हणून पाटीवर 'प्सिखोथेरापॉइट' (मानसोपचार करणारा थेरपिस्ट) आणि त्याखाली 'आले कासेन' (सगळ्या कासे चालतात) असं दोन्ही आहे का ते बघा. 'प्रिव्हाटप्राक्सिस' (खाजगी प्रॅक्टिस) किंवा 'हाइलप्राक्टिकर' (डॉक्टर नसलेला पर्यायी उपचारक) लिहिलं असेल तर एरवी तुमचं कार्ड तिथे चालत नाही, माणूस कितीही चांगला असला तरी. व्हिसासाठी काढलेला स्वस्तातला प्रवासी विमा म्हणजे पब्लिक इन्शुरन्स नव्हे, हेही एकदा तपासून घ्या.

सुरुवात श्प्रेखश्टुंडेपासून होते. ही पहिली तपासणीची भेट. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कासेची पूर्वपरवानगी लागत नाही, खिशातून काही द्यावं लागत नाही. फक्त इन्शुरन्स कार्ड न्यायचं. मोठ्यांना अशा ५० मिनिटांच्या ३ भेटी मिळू शकतात, आणि निदान एक झाल्याशिवाय सहसा पुढची थेरपी सुरू होत नाही. स्वतः फोन करून जमत नसेल तर ११६११७ वर, म्हणजे डॉक्टर-थेरपिस्टची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेच्या नंबरवर, मागा. तिथून ४ आठवड्यांच्या आतली वेळ मिळायला हवी. मात्र थेरपिस्ट ती सेवा निवडते, तुम्ही नाही, आणि तो घरापासून लांबही असू शकतो. तरी जा.

इथे बरेच जण हिरमुसतात. भेट छान होते आणि शेवटी समोरचा सांगतो, 'माझ्याकडे जागा नाही.' श्प्रेखश्टुंडे मिळणं आणि थेरपीची जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यामानाने लवकर मिळते, दुसरीला महिने लागू शकतात. पहिल्या भेटीतून पदरात काय पडतं, तर पीटीव्ही ११ नावाचा फॉर्म. त्यावर तुमचं निदान आणि पुढे काय करावं याची शिफारस असते. उपचार लवकर हवेत असं थेरपिस्टचं मत असेल तर तसं फॉर्मवर नोंदवून कोड द्यायला सांगा. तो कोड असला की ११६११७ पुढच्या भेटीही शोधून देतं. अवस्था बिकट असेल तर 'आकुटबेहांडलुंग', म्हणजे तातडीचे उपचार, लिहून घ्या: २५ मिनिटांची २४ सत्रं, कासेला फक्त कळवायचं, मंजुरीची वाट बघायची नाही. जिवाचा धोका वाटत असेल तर मात्र यातलं काहीच नको, सरळ ११२ हा आपत्कालीन नंबर.

जागा शोधताना ईमेलच्या भरवशावर राहू नका. थेरपिस्ट दिवसभर सत्रांत असतात, फोन उचलायला बहुधा वेगळं माणूस नसतं. पण पूर्ण कासेनझिट्झ असलेल्याने आठवड्याला २०० मिनिटं फोनवर उपलब्ध असणं बंधनकारक आहे, अर्धी जागा असेल तर १००. ती वेळ आन्सरिंग मशीनवर किंवा वेबसाइटवर सांगितलेली असते, त्याच वेळेत फोन करा. नव्या थेरपिस्टांना तयार करणाऱ्या संस्थांची आणि विद्यापीठांची बाह्यरुग्ण केंद्रंही विचारा. तिथे शिकाऊ थेरपिस्ट अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च कासे देते. लोक याकडे उगाच नाक मुरडतात. इंग्रजीत बोलणारा हवा असेल तर ऑनलाइन डॉक्टर शोधताना भाषेचा फिल्टर लावा. दुभाषाचे पैसे कासे देत नाही.

जागा मिळाली की आधी प्रोबाटोरिक, म्हणजे सूर जुळतो का हे बघायच्या निदान २ भेटी. नाही जुळला तर इथेच थांबा, थेरपी मंजूर झाल्यावर बदलणं किचकट होतं. थेरपिस्ट डॉक्टर नसेल तर दरम्यान कुठल्याही कासेच्या डॉक्टरकडून कोन्झिलियारबेरिश्ट, म्हणजे डॉक्टरी तपासणीचा अहवाल, आणावा लागतो, त्रासाचं मूळ शरीरात तर नाही ना हे बघायला.

कुठेच जागा मिळाली नाही तर कोस्टनएरश्टाटुंगचा, म्हणजे खाजगी प्रॅक्टिसचा खर्च कासेकडून मागण्याचा रस्ता उरतो. त्याला आधार आहे सामाजिक कायद्याच्या पाचव्या खंडातल्या कलम १३, पोटकलम ३ चा. म्हणून पहिल्या फोनपासून वही ठेवा: तारीख, वेळ, थेरपिस्टचं नाव, उत्तर काय मिळालं, किती महिने थांबायला सांगितलं. किती नकार हवेत हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते आपल्या कासेला विचारा. या नोंदी, पीटीव्ही ११ आणि वेळ द्यायला तयार असलेल्या खाजगी थेरपिस्टचं पत्र असा अर्ज करायचा. त्या थेरपिस्टकडेही आप्रोबात्सिओन हवंच. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मंजुरीआधी थेरपी सुरू करणं, कारण ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. लेखी नकार आला तर एका महिन्याच्या आत 'विडरश्प्रुख', म्हणजे लेखी हरकत, पाठवा. फोनवर 'आम्ही हे देत नाही' असं ऐकून गप्प बसू नका, तो निर्णय कागदावर मागा.