सिल्लेवाड्याचे दहा

नागपूरहून निघून कोराडी मागे पडली की झाडांच्या पानांवर राख दिसू लागते. खापरखेड्याला तर्री-पोहे खाल्ले (तर्री जहाल होती, तक्रार नाही) आणि कोळशाच्या हायवा ट्रकमागे धूळ खात सिल्लेवाड्याला, कोळसा खाणीच्या गावाला, पोचलो. तारीख ठरवून निवडली होती, १८ नोव्हेंबर.

मित्राचे मामा ओसरीतच बसले होते. लोडर (कोळसा भरणारा) म्हणून खाणीत लागले, मायनिंग सरदार (पाळीतली माणसं आणि सुरक्षा बघणारा) होऊन निवृत्त झाले. आधी खाणीत गॅस तपासायच्या बत्तीचं सांगितलं. "गॅस दिसत नाई, वास येत नाई. ज्योत बारीक करून बत्ती छताकडं न्याची. ज्योतीवर निळी टोपी चढली का समजाचं." मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी साचतो. हवेत शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान असला तर एक ठिणगी पुरते.

मग बोटांवर खाणींतले स्फोट मोजू लागले: खाण, वर्ष, गेलेली माणसं. चिनाकुरी, १९५८, १७६ माणसं. धोरी, १९६५, २६८. जितपूर, १९७३, ४८. सरदारकीच्या परीक्षेसाठी हे पाठ केलेलं, अजून विसरले नाहीत. धोरीत कोळशाची धूळच पेटली होती. गॅसचा भडका धूळ उडवतो आणि उडालेली धूळ पेटत पुढे पुढे जाते. म्हणून भुयारात चुनखडीची पूड मारतात. कोळशाच्या खाणीतल्या भिंती पांढऱ्या असतात हे मला इथे कळलं!

"अन् आपलं सिल्लेवाडा?" मीच विचारलं.

बोटं थांबली. १८ नोव्हेंबर १९७५ ला इथल्या खाणीत पाणी घुसलं आणि दहा जण गेले. कोल इंडिया ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन होऊन जेमतेम सतरा दिवस झाले होते. बरोबर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळची ‘चासनाला’ खाण. तिथे आधी स्फोट झाला आणि मग वरच्या जुन्या खाणीतलं पाणी कोसळलं, असं सांगतात. ३७५ माणसं.

"चासनाला झालं बापू, अन् आपले दहा पुन्हा बुडले," मामा म्हणाले.

मी नागपूरचा. चासनाला लहानपणापासून ऐकून आहे. तासाभरावरचं सिल्लेवाडा मात्र चाळिशीत कळलं, तेही मित्राच्या घरी जेवताना सहज विषय निघाला म्हणून.

आतून भाजीला फोडणी बसल्याचा वास आला. मी म्हटलं, मामा, जेवून घ्या. मामीच दारात आल्या. "आज ते पयली पाळी सुटल्याबिगर उठत नाईत. दरसालचं हाये."

अडीचच्या सुमारास गल्लीत मोटारसायकल वळली. शेजारचा पोरगा, कपाळावर टोपीचा वळ, कानात काळं. "काय मामा, जेवले का?"

"आला का बाबू?" म्हणत मामा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि हात धुवायला न्हाणीकडे गेले.