तिकडे शेफ मिळत नाहीत, मग व्हिसा का देत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यात येतो. ‘‘मुलाचं हॉटेल मॅनेजमेंट झालंय, मोठ्या हॉटेलात लागलाय, हाताला चव आहे. इंग्लंडमध्ये शेफ मिळत नाहीत म्हणे. तुमच्याकडे बघा ना काही जमतंय का.’’ कधी आई विचारते, कधी मामा, कधी स्वतः मुलगाच रात्री अकराला मेसेज टाकतो. मी इथे एका भारतीय रेस्टॉरंटचे हिशेब, पगारपत्रकं आणि स्पॉन्सरशिपचे, म्हणजे परदेशी माणसाच्या व्हिसासाठी मालकाने करायचे, कागद बघते, म्हणून हा प्रश्न माझ्या दारात येतो. कढईशी माझा संबंध जेवण्यापुरता.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. भारतातून नव्याने शेफ म्हणून बोलावता येत नाही. २२ जुलै २०२५पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं. शेफचं काम इथल्या मोजणीत तिसऱ्या पातळीवर, म्हणजे आपल्या बारावीच्या आसपास धरलंय. हवी असते सहावी पातळी, म्हणजे पदवीची. यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘‘पण त्याच्याकडे डिग्री आहे!’’ असू दे. पातळी कामाची मोजतात, माणसाची नाही. पीएचडी झालेला माणूस बिर्याणीच्या हंड्यापाशी उभा राहिला तरी होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, लेखी ते तिसऱ्या पातळीचंच काम. टंचाईच्या कामांसाठी एक तात्पुरती यादी ठेवली आहे, तीत शेफ नाही. शिवाय पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली. २०२५च्या किमान वेतनाने, तासाला १२.२१ पौंड धरून, आठवड्याला चाळीस तास वर्षभर काम केलं तर होतात साधारण २५,४००. मधला फरक कुठलं साधं करी हाउस, म्हणजे आमच्यासारखं भारतीय रेस्टॉरंट, भरून काढणार?

म्हणजे टंचाई खोटी आहे का? नाही. पण टंचाई आहे म्हणून व्हिसा मिळतो, हे गृहीतकच चुकीचं. सरकारने टंचाई कधी फारशी नाकारली नाही. ती भरून काढण्याचं काम आपलं नाही, एवढंच ते दरवेळी नव्या शब्दांत सांगत आलंय. ‘इथलीच माणसं शिकवा’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

हे भांडण जुनं आहे. ब्रिटनमधली ‘इंडियन’ रेस्टॉरंट बहुतेक सिल्हेटच्या बांगलादेशी मंडळींनी उभी केली. वडील किचनमध्ये, काका काउंटरवर, गावाकडून आलेला पुतण्या कांदे सोलतोय, असा तो कारभार. पुढची पिढी शिकली, अकाउंटंट झाली, फार्मासिस्ट झाली. रात्री एकपर्यंत भांडी आपटण्यात तिला रस राहिला नाही, आणि का राहावा? त्याच सुमारास, २००८मध्ये, गुणांवर आधारलेली व्हिसा पद्धत आली. एप्रिलमध्ये ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये हजारो रेस्टॉरंटवाले जमले आणि माणसं मिळत नाहीत म्हणून घोषणा देऊन परत आपापल्या संध्याकाळच्या शिफ्टला गेले. शेफ तेव्हाच्या टंचाईच्या यादीत होता, पण पुढे त्या यादीला अटींची अशी शेपटं लागत गेली की ती वाचताना हसावं की रडावं कळत नसे.

माझ्या टेबलावर तो कागद बरीच वर्षं होता, म्हणून जरा तपशिलात सांगते. शेफला बरोबरीच्या पदावरचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. हेड शेफ एका रेस्टॉरंटला एकच. सू शेफ, म्हणजे हेड शेफच्या हाताखालचा, किचनमधल्या दर चार माणसांमागे एक. स्पेशालिस्ट शेफ एका खासियतीला एक, म्हणजे तंदूरचा माणूस आजारी पडला तर दुसरा तंदूरवाला स्पॉन्सर करायचा नाही. पुढे पगार किमान २९,५७० पौंड, तोही राहण्याखाण्याचे पैसे कापून उरलेला. आता इथल्या रेस्टॉरंटांची रीत अशी की माणसं दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहतात आणि किचनमध्येच जेवतात. खोली आणि दोन वेळचं जेवण हा पगाराचाच भाग समजला जाई. नियमाने तो भाग शून्य धरला.

आणि सगळ्यांत कळस म्हणजे टेकअवेची अट. जिथे पार्सल मिळतं तिथे स्पॉन्सर केलेला शेफ चालणार नाही! बटर चिकन टेबलावर बसून खाल्लं तर ते कुशल काम, तेच प्लास्टिकच्या डब्यातून घरी नेलं तर अकुशल. आमच्यासारख्या ठिकाणी निम्मा धंदा पार्सलचा. तो बंद करायचा की शेफ सोडायचा, यावर आमच्या मालकांनी कित्येक रात्री कॅल्क्युलेटर बडवला. मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटी ही सरकारची सल्लागार समिती. तिने २०१९मध्ये ही अट काढायला सांगितलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली. तोवर ज्यांना दुकानं मिटवायची त्यांनी मिटवली होती.

आता शिकवण्याबद्दल. २०११च्या अखेरीस तेव्हाचे मंत्री एरिक पिकल्स यांनी ‘करी कॉलेज’ची कल्पना जाहीर केली. बाहेरून माणसं आणण्यापेक्षा इथल्या बेरोजगार तरुणांना भारतीय, बांगलादेशी, चिनी स्वयंपाक शिकवू, असा बेत. कागदावर कुणाला नाव ठेवता येणार नाही. प्रत्यक्षात वर्ग भरायला मुलंच मिळेनात आणि योजना विरून गेली. पेपरांनी तिची टिंगल केली. मला मात्र टिंगल करावीशी वाटली नाही, कारण ती का फसली ते आमच्या किचनमध्ये रोज दिसत होतं.

आमचा तंदूरवाला नान कसा लावतो ते कधी जवळून बघा. गोळा हातावर थापून लांबवायचा, कापडाच्या उशीवर पसरायचा, एका खाली वाकण्यात तो आतल्या भिंतीला चिकटवून हात बाहेर. भिंत कमी तापली असेल तर नान गळून निखाऱ्यात पडतो, जास्त तापली असेल तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा. तो थर्मामीटर लावत नाही; क्षणभर तळवा तोंडाशी धरतो आणि झाकण सरकवतो किंवा ठेवतो. मग दोन सळया, एकीने नान भिंतीपासून सोडवायचा, दुसरीने अडकवून ओढून घ्यायचा. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस नाहीत. हे शिकता येतं, जरूर येतं. तोही कुणाकडून तरी शिकलाच. पण दिवसभराच्या वर्गात गॅसच्या शेगडीवर नाही, तर शनिवारी रात्री साडेआठला, समोर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची माळ लागलेली असताना.

एकदा आमच्याकडे असाच एक इथला मुलगा शिकायला आला होता. कष्टाळू, वेळेवर येणारा, तिखटाला न घाबरणारा. उस्ताद खूश. अडचण कसली निघाली? बसची. किचन आवरून बाहेर पडेपर्यंत बारा वाजायचे, शेवटची बस त्याआधीच गेलेली. बाकीचे सगळे जिना चढून वर झोपायला जायचे आणि हा पाऊण तास चालत घरी. त्यात अप्रेंटिसचं किमान वेतन नेहमीच्या किमान वेतनाहून बरंच खाली. २०२५च्या एप्रिलपासून बघितलं तर १२.२१च्या जागी ७.५५. सुपरमार्केटमध्ये शेल्फ लावायचं काम मिळाल्यावर तो गेला. जाताना सगळ्यांना मिठी मारून गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

प्रशिक्षणाचा प्रश्न कुठे अडतो तो इथे. अभ्यासक्रम आहेत: कॉमी शेफची, म्हणजे सगळ्यांत खालच्या शेफची, दुसऱ्या पातळीची अप्रेंटिसशिप आहे, शेफ द पार्टीची, म्हणजे किचनचा एक विभाग सांभाळणाऱ्याची, तिसऱ्या पातळीची आहे. मोठी हॉटेलं, कंपन्यांची कँटीन त्या नीट चालवतात. पण ज्या धंद्यात वेळा अशा, पगार असा आणि सुटी म्हणजे मंगळवारची दुपार, तिथे शिकून टिकायचं कुणी? आणि याला सरकारइतकेच मालकही जबाबदार आहेत. स्पष्ट बोलते, कुणाला राग येवो. कित्येकांना नुसता शेफ हवा होता असं नाही; त्यांना त्याच पगारात, त्याच वेळांत, तक्रार न करणारा शेफ हवा होता. बाहेरून आलेला माणूस व्हिसाने बांधलेला असतो. नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत जा. असा माणूस पगार वाढवा म्हणून आवाज चढवत नाही. मी ज्यांचे कागद केले, त्यांतले काही फार चांगल्या मालकांकडे होते. सगळे नव्हते.

बाहेरून माणूस आणायचा तर मालकाने ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ भरायचा, हा नियम एप्रिल २०१७चा. विचार असा, की परदेशी माणूस आणता तर इथल्या माणसाला शिकवायचा खर्च द्या. तेव्हा छोट्या धंद्याला एका माणसामागे वर्षाला ३६४ पौंड, मोठ्याला १,०००. डिसेंबर २०२५मध्ये ते ४८० आणि १,३२० झाले. आम्ही भरले, न चुकता. त्यातून आमच्या किंवा ओळखीच्या कुठल्या किचनमध्ये एखादा शिकाऊ मुलगा आल्याचं मला आठवत नाही.

राजकारणाचा भाग थोडक्यात उरकते, कारण त्यात नवल काही नाही. २०१६च्या सार्वमताआधी तेव्हाच्या रोजगार राज्यमंत्री प्रीती पटेल यांनी ‘आपली करी हाउसं वाचवा’ म्हणत युरोपबाहेर पडा असं सांगितलं. युरोपातली माणसं कमी आली की आशियातल्या शेफना जागा होईल, हा हिशेब. पुष्कळ रेस्टॉरंटवाल्यांनी त्यावर विश्वास ठेवून मत दिलं. पुढे पटेल गृहमंत्री झाल्या आणि नव्या पद्धतीत खरोखर दार थोडं उघडलं. २०२१च्या सुरुवातीपासून शेफला सर्वसाधारण अट २५,६०० पौंडांची झाली आणि पाच वर्षांच्या अनुभवाची भानगड गेली. मात्र युरोपातून येणारे वेटर आणि भांडीवाले थांबले, त्यांच्यासाठी व्हिसाच नव्हता. शेफ मिळाला, पण त्याच्या हाताखाली कुणी नाही! तीनेक वर्षं असं चाललं. एप्रिल २०२४मध्ये अट एकदम ३८,७०० झाली, आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत दार बंद.

जे आधीच शेफच्या व्हिसावर इथे आहेत त्यांना मुदत वाढवून मागता येते, मालक बदलता येतो, फक्त त्यांना लागू असलेली पगाराची अट पुरी करावी लागते. त्यामुळे आता रेस्टॉरंटवाले एकमेकांचे शेफ पळवतात. आमच्याकडे मेन्यूतले पदार्थ कमी झाले, सोमवारी बंद ठेवतो, रुमाली रोटी गेली. कुणी विचारलं तर वेटर सांगतो की सीझन नाही. रुमाली रोटीचा सीझन!

आता तुमच्या मुलाचं. दोन वाटा आहेत, दोन्ही अरुंद.

एक, इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. २०२३पासून चालू आहे. वय १८ ते ३०, किमान पदवी, खात्यात २,५३० पौंड दाखवायचे. वर्षाला ३,००० जागा आणि निवड ऑनलाइन सोडतीने. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. नंबर लागला तरच पुढचा अर्ज आणि फी. दोन वर्षं राहता येतं, स्पॉन्सर लागत नाही, हवं त्या किचनमध्ये काम करता येतं आणि पटलं नाही तर सोडता येतं. इथे मुलाची डिग्री खरोखर कामाला येते. मुदत वाढत नाही, आणि दुसऱ्यांदा जाता येत नाही. शिकायला म्हणून मला ही वाट सगळ्यांत बरी वाटते. भारतीय रेस्टॉरंट सोडून दुसरीकडे काम कर, असं मी मुलांना सांगते.

दुसरी वाट भारत-ब्रिटन व्यापार करारातली. गंमत बघा, २२ जुलैला दार बंद झालं आणि २४ जुलैला करारावर सह्या झाल्या, त्यात शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० जणांची सोय आहे. वर्तमानपत्रात मथळे आले आणि माझा फोन दोन दिवस वाजत राहिला. पण ही नोकरी नव्हे. भारतातल्या कंपनीने इथल्या ग्राहकाशी कंत्राट करायचं आणि आपला माणूस थोड्या काळासाठी पाठवायचा, असा तो मामला आहे. करी हाउसने थेट एखाद्या मुलाला कामावर ठेवणं त्यात बसत नाही.

आणि एजंटचं. ‘शेफचं सीओएस तयार आहे, पंधरा लाख द्या’ असे मेसेज अजून फिरतात. सीओएस म्हणजे स्पॉन्सरने द्यायचं प्रमाणपत्र. भारतातून नोकरीसाठी नव्याने येणाऱ्या शेफसाठी ते आता निघतच नाही, त्यामुळे पुढची चौकशी करायची गरज नाही. ते निघत होतं तेव्हाही विकायची वस्तू नव्हतं. स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे, आणि २०२४च्या अखेरीपासून मालकाच्या स्पॉन्सर लायसन्सची आणि सीओएसची फीसुद्धा त्याच्यावर टाकता येत नाही. आपल्याकडच्या कायद्याने नोंदणी असलेला भरती एजंटसुद्धा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. पैसे देण्याआधी मेसेज मला पाठवा. इथल्या परवानाधारक स्पॉन्सरांची यादी सरकारच्या साइटवर सगळ्यांना खुली आहे, नाव त्यात आहे की नाही ते मी पाच मिनिटांत बघून सांगते.