पुठ्ठ्याची नळी

“खोटं असतंय न्हवं ते सगळं?” तोक्योत कुस्ती बघायला चाललोय म्हटल्यावर आईने फोनवर पहिलं हेच विचारलं. कोल्हापूरच्या बाईला दुसरं काय सुचणार? ही टीव्हीवर दाखवतात तसली व्यावसायिक कुस्ती, निकाल आधीच ठरलेला असतो, हे मी कबूल केलं. “मग बघायचं काय त्यात? खुळा का काय तू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं, एवढंच.

सुइदोबाशी स्टेशनाजवळ तोक्यो डोमच्या शेजारी कोराकुएन हॉल आहे. १९६२ सालचा, पाचव्या मजल्यावर, जेमतेम दीड-दोन हजार माणसं मावतील असा. इथेच बॉक्सिंग होतं आणि इथेच एका जुन्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरणही. किमोनो घातलेली मंडळी गाद्यांवर बसून कोट्या करतात, त्याच जागी एरवी माणसं उचलून आपटतात.

माझ्या शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत रंगीत कागदी फितींची रिळं. एकेका रिळातली पुठ्ठ्याची नळी त्या हलकेच काढत होत्या आणि फीत बोटांवर पुन्हा गुंडाळत होत्या. कशाला? तर पैलवानाचं नाव पुकारलं की ही रिळं रिंगमध्ये फेकायची असतात, नळीसकट लागलं तर इजा व्हायची. मी भारतातला म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. “टायगर जीत सिंग!” सत्तरच्या दशकात तोंडात तलवार धरून इनोकी या जपानी पैलवानाच्या मागे लागणारा, पंजाबातून कॅनडामार्गे आलेला खलनायक. मावशी गमतीने खुर्चीत जरा पलीकडे सरकल्या.

नाव पुकारलं. गुलाबी, पिवळ्या फिती हवेत उलगडत गेल्या आणि रिंगचा मांडव झाला. पुढच्या क्षणी कोपऱ्यातली शिकाऊ पोरं धावली आणि कवेत भरून सगळं घेऊन गेली.

मग पहिली थाप बसली. उघड्या छातीवर उघडा पंजा. टीव्हीवर हा आवाज कधी कळलाच नव्हता. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा, तोही सहा हातांवरून. हॉल आधी गप्प, मग एक लांब “ओऽऽ”.

पुढे मारामारी प्रेक्षकांत आली. काळ्या रंगाने तोंड माखलेला एक दांडगा समोरच्याला केसांना धरून आमच्याकडे फरपटत आणत होता. त्याच्यापुढे तीच शिकाऊ पोरं ओरडत पळत होती, “सांभाळा, कृपया बाजूला व्हा!” लोक आपापल्या पिशव्या, बिअरचे ग्लास उचलून शहाण्यासारखे उठले. घडीच्या खुर्च्यांचा ढीग कोसळला. मंडळी लढत पुढे सरकल्यावर ज्याने त्याने आपली खुर्ची उचलली, सरळ केली आणि बसला. मीही. खांदे टेकवून रेफ्रीने जमिनीवर हात आपटत तीन मोजले की हार; त्याचा हात तिसऱ्यांदा खाली येता येता खालचा पैलवान निसटला, तेव्हा निकाल ठरलेला असतो हे माहीत असलेला मी उभा राहून किंचाळत होतो.

बाहेर पडताना तोच काळ्या तोंडाचा राक्षस टेबलामागे बसून स्वतःचे फोटो विकत होता. मी एक घेतला. सुटे पैसे त्याने दोन्ही हातांनी, मान लववून परत दिले. जॅकेट उघडं होतं. छातीवर पाचही बोटं लालभडक उमटलेली.

त्याच्याबरोबर काढलेला फोटो आईला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, “हळद लाव म्हणावं त्याला.”