फुलदाणी आधी उलटी करा

अमळनेर-चोपड्याकडे जुना वाडा पाडायला घेतला की हंड्या-झुंबरांसोबत एखादी काचेची फुलदाणीही निघते. विकणारा ठासून सांगतो, "बेल्जियमची आहे." आपल्याकडे जुनी काच म्हटली की बेल्जियमचीच! त्यावर भाव ठरवू नका. रंग, नक्षी मागाहून. आधी बूड बघा.

बुडाच्या मधोमध खरबरीत वण असेल तर फुलदाणी फुंकून केलेली. तापती काच ज्या सळईवर पेलतात, ती तोडल्याची ती खूण. भारी मालात तो वण घासून गुळगुळीत खळगा केलेला असतो. पण फुंकून केलेला माल आजही बनतो. म्हणजे ही हातकामाची खूण झाली, वयाची नव्हे.

वयासाठी झीज बघायची. बूड जिथे टेकते त्या कडेवर दहापट भिंग धरा. वर्षानुवर्षे फळीवर सरकलेल्या नगाचे चरे वाकडेतिकडे, कमी-जास्त खोल आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. चरे एकाच दिशेने, एकसारखे असतील किंवा खळग्यातही उतरले असतील, तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय.

अंगावर उभी शिवण दिसली की माल साच्यातला. लगेच नाक मुरडू नका. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या कार्निव्हल फुलदाण्या, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारख्या झळाळीच्या, साच्यातल्याच आहेत आणि संग्राहक त्या शोधत असतात. काही नगांवर 'जैन' हे नाव इंग्रजी अक्षरांत उठवलेले सापडते.

अंधारात ३९५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली काच झगझगीत हिरवी पेटली तर तिच्यात युरेनियम आहे. तशी काच आजही बनते, तेव्हा पुन्हा बुडाकडेच या. 'चेकोस्लोव्हाकिया' असा शिक्का असेल तर नग १९१८च्या आधीचा नाही, कारण तोवर तो देशच नव्हता. 'गॅले' या नामांकित फ्रेंच काचकाराच्या सहीच्या फुलदाणीवर तर जास्तच संशय घ्या. रोमानियातल्या बऱ्याच नकलांवर सहीशेजारी 'टिप' (म्हणजे 'त्या धर्तीचे') लिहिलेले असते आणि फसवणारे ते घासून काढतात. तेवढाच पट्टा नखाला वेगळा लागतो.

ओली फुलदाणी कधीच घेऊ नका. पाण्याने किंवा तेलाच्या हाताने आतला पांढरट धूसरपणा लपतो. कोरडी करून उजेडाकडे धरा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार असेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घालून रात्रभर ठेवल्यावर निघतो. तरीही राहिला तर काचच खराब झालीय, भाव पाडून मागा. सोनेरी काम किंवा झळाळी असलेल्या नगाला मात्र व्हिनेगर, राख, घासणी काहीच लावू नका.

भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामातून आणलेला नग थेट गार पाण्यात घातला तर तडकू शकतो. दोन-तीन तास सावलीत निवू द्या, मग प्लास्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेल अंथरून कोमट पाण्याने धुवा. स्टीलच्या सिंकमध्ये नको; ओला हात निसटला की टवका उडतो तो नेमका काठाचाच.